फिनेलचा वास जिन्यापर्यंत

सदाशिव पेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात येणारा माणूस आधी नाक वर करतो, मग चपला काढतो. फिनेलचा वास आला तर चेहरा निवळतो. नाही आला तर एक बोट खिडकीच्या कठड्यावरून फिरवून ते बोट मला दाखवतो. मी इथे व्यवस्था बघते, त्यामुळे अशी बरीच बोटं पाहिली आहेत.

हॉस्पिटल डॉक्टरांचं. सर्जन म्हणून हात असा की पेशंट आपले टाके पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. फरशीच्या बाबतीत मात्र त्यांची विद्या आणि समोरच्या दुकानदाराची विद्या एकच. बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायला हवं आणि डोळ्यांना थोडं झोंबायला हवं. तसं फिनेल वर्षानुवर्षं कॅनमधून यायचं. कॅनवर ना लेबल, ना बॅच नंबर, ना मुदत. आत काय आहे असं विचारलं तर आणणारा म्हणायचा, "फिनेलच की."

मी ते बदलायचं ठरवलं आणि विक्रेत्यांना बोलावलं. पहिल्याने बाटली उघडून थेट माझ्या नाकाखाली धरली.

"मॅडम, हा मोगरा. गुलाबातही मिळेल."

"हे कशावर चालतं?"

"फरशी, टाइल्स, ग्रॅनाइट. सगळ्यावर."

"जंतूंचं विचारतेय मी."

त्याने जरा विचार केला. "त्यांनाही चालतं."

मग एक मुलगी आली. कोणत्या जंतूंवर काम करतं, पाण्यात किती घालायचं, फरशी किती वेळ ओली राहायला हवी, तपासणीचा अहवाल कुठे आहे, बाटली उघडल्यावर किती दिवस टिकतं, या सगळ्याची उत्तरं तिने दिली. एकदाही उगाच हसली नाही. तिच्या औषधाला वास नव्हता आणि ते घातल्यावर पाण्याचा रंगही बदलत नव्हता. जाताना तिने बजावलं, "यात साबण, फिनेल काही मिसळू नका. औषध निकामी होतं." मी ते औषध घेतलं आणि तिचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून बादल्यांच्या वर भिंतीला चिकटवलं.

पहिल्याच आठवड्यात एका पेशंटचे आजोबा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"अहो, इथे पुसायची पद्धत बंद झाली का?"

"आत्ताच पुसलंय, आजोबा."

"पुरावा काय?"

डॉक्टर केबिनच्या दारातून ऐकत होते. काही बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण न बोलणं हा त्यांचा स्वभाव नाही.

याच सुमारास कळलं की डॉक्टरांना हर्निया आहे. त्यांना स्वतःला ते बरेच दिवस माहीत होतं. स्कूटर स्टँडवर चढवताना कळ आली आणि बायकोने पाहिलं, म्हणून आम्हाला कळलं. ऑपरेशन आपल्याच थिएटरमध्ये व्हायला हवं, असा त्यांचा हट्ट. "बाहेर गेलो तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेत बोभाटा होईल. म्हणतील, स्वतः दुसरीकडे झोपतो आणि आम्हाला इथे झोपवतो. मग येईल का कोणी?" यात चूक काही नव्हती. त्यांच्या वर्गमित्राने करायचं ठरलं, तारीखही ठरली.

त्याआधी नेहमीप्रमाणे थिएटरमधले नमुने लॅबला गेले. अहवाल वाईट आला. फरशीवर आणि टेबलाच्या पायांवर जंतू वाढलेले. मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले.

"सर, तारीख रद्द. थिएटर बंद."

"अहो बाई, माझं थिएटर मलाच बंद?"

"पेशंटला बंद."

"मी मालक आहे इथला."

"सध्या हर्निया आहात."

ते चिडले. नव्या औषधालाच नावं ठेवू लागले. "वास नाही, रंग नाही. पाणीच विकलं तुम्हाला त्या मुलीने." हे मला लागलं, कारण निवड माझी होती. औषध खरंच पाणी असेल तर डॉक्टरांचं ऑपरेशन बाहेर जाणार, हॉस्पिटलचं नाव जाणार, आणि दोन्ही माझ्या खात्यात जमा होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादल्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. फरशी पुसणाऱ्या मावशी लोणी काळभोरहून बसने स्वारगेटला येतात आणि तिथून चालत, तरी कधी उशीर नाही. त्यांनी मापाने औषध ओतलं, मापाने पाणी घातलं. सगळं बरोबर. मग फळीमागून सलाइनची एक जुनी बाटली काढली आणि त्यातलं थोडं बादलीत सोडलं. पाणी पांढरंशुभ्र झालं.

"हे काय, मावशी?"

"वासाचं हाय, ताई."

"कोणी सांगितलं?"

"मोठ्या डॉक्टरांनी. म्हनले, ताईंचं औषध घाला, पन वरनं थोडं ह्ये बी सोडा, लोकांना बरं वाटतं. ताईंना सांगू नका."

"मग आता सांगितलंत ते?"

"आता तुम्ही हितंच उभ्या हाय की."

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "वाचलाय मी," मावशी म्हणाल्या. "पन डॉक्टरांपुढं कागदाचं काय चालतंय?"

डॉक्टर केबिनमध्ये एका हाताने पोट धरून पेपर वाचत होते.

"सर, बादलीत फिनेल?"

"थोडंसं. फोडणीत हिंग असतो तेवढं."

"हिंगाने आमटी वाया जात नाही. फिनेलने माझं औषध वाया गेलंय. मिसळायचं नाही, असं भिंतीवर लिहिलंय."

"अहो, तो म्हातारा पुरावा मागत होता."

"जंतू मागत नाहीत. हर्नियात जाळी बसवली की तिथे जंतू ठाण मांडतात, म्हणून पेशंटना एवढं जपायला सांगता ना तुम्ही? ही जाळी कोणाला बसवायची आहे?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली. "थिएटर बंद करा," ते म्हणाले, जणू ही कल्पना त्यांनाच आत्ता सुचली होती.

आधी थिएटर साध्या पाण्याने धुऊन धुऊन फिनेलचा अंश काढला. मग नुसतं औषध. फरशी लवकर वाळावी म्हणून मावशींना पंखा लावायची सवय, तो मी बंद करवला, कारण औषधाने काम करायला फरशी काही वेळ ओली राहावी लागते. उरलेलं फिनेल फेकवेना. ते बाहेरच्या जिन्याला आणि चपलांच्या मांडणीखाली लावायला दिलं. तिथे कोणाचं पोट उघडत नाहीत. आजोबा नातवाला दाखवायला पुन्हा आले, जिन्यातच थांबून त्यांनी श्वास घेतला आणि मला म्हणाले, "आता कसं!"

नवे नमुने लॅबला गेल्यापासून डॉक्टर दर थोड्या वेळाने माझ्या टेबलापाशी यायचे. "बाई, लॅबचा फोन?" एरवी पेशंटचे नातेवाईक असं करतात तेव्हा त्यांच्यावर कोण चिडतं हे मला माहीत होतं, पण मी तो विषय काढला नाही. अहवाल स्वच्छ आला. वर्गमित्राने ऑपरेशन केलं आणि ते नीट झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. मावशी नुकत्याच पुसून बाहेर पडत होत्या.

"आज फरशी पुसली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर पुसली."

"वास नाही आला."

"येत नाही."

मी म्हटलं, "पुरावा हवा असेल तर लॅबचा कागद उशाला ठेवते."

"नको. दार जरा उघडं ठेवा."

मी दार उघडलं. जिन्यावरून फिनेलचा वास आत आला. त्यांनी खोल श्वास घ्यायला सुरुवात केली, टाक्यांना ताण बसला तेव्हा अर्ध्यावर सोडला, आणि डोळे मिटले. फरशी अजून ओली होती. मावशींनी जाता जाता पंखा लावून ठेवला होता. मी तो बंद केला आणि कडेकडेने बाहेर पडले.