परडीतलं पाणी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध संकलन केंद्रावर होते. युसूफ वडगावजवळच्या आमच्या वस्तीवर बायकांची दूध संस्था आहे. सकाळी कॅन घेऊन आलेल्या बायांची रांग लागते आणि संस्थेची सचिव म्हणून दूध तपासून घ्यायचं काम माझ्याकडे असतं. चुलतभावाने अंबाजोगाईच्या दवाखान्यातून एवढंच सांगितलं, की आत्या गेली. मी फोन ठेवला आणि रांगेतल्या सगळ्यांचं दूध घेऊन संपवलं. नंतर कुणीतरी म्हणालं, केवढं काळीज हिचं. काळजाचा प्रश्नच नव्हता. तिच्यापायी दूध नासलं असतं तर आत्याने तिरडीवरून उठून मला झापलं असतं... संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरू लागली, 'ज्येष्ठ चरित्र अभिनेत्री सोजरबाई यांचे निधन'. तिच्या गाण्याबद्दल एक शब्द नाही. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि तो महिना झाला तरी उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

सोजरबाई ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं सगळं घर ऊसतोडीला जाणारं, तिचा जन्मही उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत झालेला. लहानपणी ती आजारी पडली, वाचायची आशा नव्हती, तेव्हा आजीने तिला देवीला वाहायचा नवस बोलला. बरी झाली तशी गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. परडी म्हणजे बांबूची पसरट टोपली. मंगळवारी आणि शुक्रवारी ती घेऊन पाच घरी जायचं, दारात उभं राहून देवीचं गाणं म्हणायचं, आणि घरातली बाई मूठभर पीठ किंवा धान्य घालते तो जोगवा. दारात आलेल्या परडीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, आणि परडी रिकामी परत जात नाही. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून तिच्या मागे उभी राहून झील ओढत आले. झील म्हणजे तिने टाकलेली ओळ मागून उचलायची आणि लांबवायची. पहिली ओळ तिची, मागची माझी, असा आमचा जन्मभराचा हिशेब होता.

मोठ्या दुष्काळात गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. मी तेव्हा झाडाला बांधलेल्या झोळीत होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव. कामावर आत्या गायची आणि तिच्या गाण्यावर हातोडे पडायचे. दुष्काळाचं चित्रण करायला आलेल्या एका दिग्दर्शकाने ते ऐकलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि थोड्याच दिवसांत आमची सोजर कोल्हापूरच्या स्टुडिओत उभी होती. तिचं नाव बदलायचं त्यांच्या मनात होतं. ती म्हणाली, नाव बदललं तर गावाला कसं कळंल मीच हाय म्हणून. नाव राहिलं. आवाज मात्र राहिला नाही. तो सिनेमा युसूफ वडगावच्या बाजारात तंबूत लागला तेव्हा आम्ही सगळे बैलगाडीने गेलो होतो, मी आत्याच्या मांडीवर बसले होते. पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि आतून भलत्याच बाईचा गोड, नितळ आवाज आला. तंबूत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "ही आपली सोजर न्हाई." सिनेमा संपल्यावर माणसं उठेनात. तेव्हा आत्याने मला खाली उतरवलं, पांढऱ्या पडद्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या आवाजात म्हटलं. तंबूवाल्याने पुढचा खेळ थांबवला आणि स्वतः खाली मांडी घालून बसला.

त्यानंतर तिने एकच अट धरली, माझ्या तोंडातून माझाच आवाज येईल. या अटीपायी किती कामं गेली ते तिने कधी सांगितलं नाही, पण मधली बरीच वर्षं ती पुन्हा कोयता घेऊन फडावर जात होती हे मी पाहिलेलं आहे. शेवटी एक निर्माता कबूल झाला. तिचा तो फाटका, उन्हात वाळलेला आवाज रेडिओवर लागला, आणि मग लोक तिला शोधत वस्तीवर यायला लागले. पुढे सिनेमात आईची, सासूची, दाईची कामं तिने खूप केली. पण मंगळवार आणि शुक्रवार सुटला नाही. कोल्हापुरात चित्रीकरणाच्या दिवशीही ती तोंडाला रंग लावायच्या आधी परडी घेऊन गल्लीत निघायची, झील ओढायला सोबत नेलेली मी मागे. एकदा निर्मात्याने समजावलं, की बाई, आमची नटी दारोदार भीक मागते असं दिसतं, बरं वाटत नाही. आत्या चिडली नाही. म्हणाली, "साहेब, भीक माझ्या पोटासाठी असती. जोगवा मी मागती म्हणून त्यांच्या हातानं काय तरी देणं होतं. तुमच्या घरी बी येऊ का?" पुढच्या मंगळवारी खरोखरच त्यांच्या दारात उभी राहिली. त्यांच्या बायकोने ओंजळभर तांदूळ घातले आणि निर्माते आतल्या खोलीत लपून बसले होते असं ती हसत हसत सांगायची.

मग तो टँकरचा दुष्काळ आला. आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याची स्वतःची विहीर होती, तलावाच्या पाळीखाली, आणि तिला पाणी होतं. वस्तीवर आठवडा आठवडा टँकर येत नव्हता. म्हशी दावणीला हाडं घेऊन उभ्या होत्या, बायका कोसभर लांबून हंडे आणत होत्या. आम्ही मोर्चा नेला. चेअरमनसाहेब चांगलं बोलले, पण म्हणाले, सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागतो. सभेला गेलो तर दारातच सांगितलं, बोलायचा हक्क सभासदांनाच. आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडला होता, पण नावावर जमीन नाही म्हणून सभासद कुणीच नाही. ज्या कारखान्याने गळीत हंगामाला 'आपल्या मातीतली कलावंत' म्हणून आत्याला हार घातला होता, त्याच कारखान्याच्या मांडवाबाहेर ती उन्हात उभी होती. त्या आठवड्यात तिचं कोल्हापुरात काम होतं, मोठ्या सिनेमातलं, आईचंच. गाडी न्यायला आली. तिने ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलं. मी म्हटलं, आत्या, भूमिका दुसरीला देतील. ती म्हणाली, "दिऊ देत. पडद्यावर आई व्हायला लई जणी हायेत. तू परडी काढ."

मंगळवार होता. आम्ही थेट चेअरमनसाहेबांच्या दारात गेलो. ओसरीवर माणसं बसलेली होती. आत्याने गाणं धरलं, मी झील ओढली, आणि साहेबांच्या आई, सगळे त्यांना माई म्हणायचे, सुपात ज्वारी घेऊन बाहेर आल्या. आत्याने परडी मागे घेतली. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माई घाबरल्या. म्हणाल्या, "सोजर, काय चुकलं, माय?"

"काय न्हाई चुकलं, माई. आज ज्वारी नगं. पाणी घाला."

"परडीत?"

"व्हय. परडीत."

माईंनी तांब्या आणला आणि ओतला. पाणी बांबूच्या विणीतून गळालं, आत्याच्या पायांवर पडलं, अंगणातल्या मातीत गेलं. आत्याने परडी तशीच पुढे धरून ठेवली आणि दुसरं गाणं सुरू केलं. माईंनी दुसरा तांब्या आणला. तोही गेला. आत्या म्हणाली, "परडी भरंस्तोवर मला हालता येत न्हाई, माई. रिकामी परडी घिऊन वस्तीवर कशी जाऊ?" तेवढ्यात साहेब बाहेर आले. म्हणाले, ही काय पद्धत झाली, ठरावाशिवाय विहीर दिली तर सभासद मला काय म्हणतील. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी सभासदांला मागत न्हाई. मी माईच्या दारात उभी हाय." आणि पुन्हा गाऊ लागली. माझा घसा सुकला होता, पण ती ओळ टाकत होती तोवर मला मागे हटता येत नव्हतं. कितवा तरी तांब्या भरून आणताना माई थांबल्या. त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि लेकाला म्हणाल्या, "दारात आलेली परडी ह्या घरानं कधी रिकामी धाडली न्हाई. मी हाय तवर तर न्हाईच. तुझा ठराव मागून घे."

दुपारी कारखान्याचा टँकर वस्तीवर आला आणि पाऊस पडेपर्यंत येत राहिला. ठराव नंतर झाला, एकमताने झाला, आणि साहेबांनी त्यावर झकास भाषणही केलं. आत्या पुढे बसून टाळ्या वाजवत होती. त्या पाण्यावर जगलेल्या म्हशींच्या दुधावरच पुढे आमची संस्था उभी राहिली. ती आईची भूमिका गेली ती गेलीच. तो सिनेमा टीव्हीवर लागला की आत्या आवर्जून बघायची आणि म्हणायची, बया बरं काम करती, पर रडती लई.

शेवटची भेट दवाखान्यात, शुक्रवारी झाली. नाकात नळी होती. डोळे उघडून तिने विचारलं, आज परडी कुणी नेली. मी म्हटलं, कुणी नाही. "मग तू हितं काय करतीस?" एवढं म्हणाली आणि डॉक्टर आले... तेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

तिच्या घरात भिंतीवर सिनेमाची मानचिन्हं आहेत आणि त्यांच्या खाली खुंटीला परडी. रिवाज असा, की परडी कुणीतरी हाती घ्यायची, नाहीतर पाण्यात सोडायची. ती नुसती टांगून ठेवायची नाही. चुलतभाऊ म्हणाला, सोडून देऊ. कारखान्याकडून निरोप आला, काचेच्या पेटीत ठेवू. मी दोघांनाही नाही म्हणाले आणि सुतक फिटल्यावर पहिल्याच मंगळवारी ती खुंटीवरून काढली.

पहिलं घर चेअरमनसाहेबांचंच घेतलं. माई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दुष्काळापासून त्या घरची रीत पडली आहे, आधी परडीत घोटभर पाणी घालायचं, मग धान्य. आता माईंच्या सूनबाई घालतात. त्या तांब्या घेऊन आल्या, मी परडी पुढे केली आणि उभी राहिले. त्याही थांबल्या. मग माझ्या लक्षात आलं, की मी सवयीने आत्याच्या ओळीची वाट बघते आहे. पुढे कुणी नव्हतं. मी डोळे मिटले आणि पहिली ओळ टाकली. आवाज फाटला, सूर चढा लागला, पण मी ती सोडली नाही. झील कोण ओढणार याचा मी विचारच केला नव्हता. ती समोरून आली. तांब्या हातात तसाच धरून सूनबाईंनी ओळ उचलली होती, इतकी वर्षं दारात ऐकून त्यांना ती पाठ झाली होती. गाणं संपल्यावर त्यांनी पाणी घातलं, ते गळून माझ्या पायांवर आलं, आणि वर त्यांनी मूठभर ज्वारी टाकली. अजून चार घरं राहिली होती. मी परडी कमरेवर घेतली आणि पुढच्या दाराकडे निघाले.