अर्जावरचा पत्ता

"तुम्ही राहता कुठे?" कॉलेजच्या विभागप्रमुखांनी विचारलं. हॉलसाठीचा माझा अर्ज त्यांच्यासमोरच होता.

"अँटॉप हिल."

"सरकारी कॉलनीत? वडील कुठल्या खात्यात?"

मी अडकले. ते क्वार्टर मामाचं. चाळीचा पत्ता मी कुठल्याच अर्जावर लिहीत नसे. कॉलेजपासूनची सवय.

"वडील नाही, मामा. आम्ही वरळीला. बीडीडी चाळीत."

"अच्छा." त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि अर्ज शेजारच्या केतनपुढे सरकवला. "आयोजक म्हणून तुम्ही सही करा. आणि आधीच सांगतो, सभागृहात ते जयंतीसारखं डीजे-बिजे चालणार नाही."

मी हसले. खरंच हसले.

परिषद प्रोग्रॅमिंगची होती. प्रवेश फुकट, राबणारे सगळे स्वयंसेवक. वक्ते, नोंदणी, पत्रव्यवहार वर्षभर मीच बघत होते, नोकरी सांभाळून. केतन ऑफिसातला मित्र, त्या दिवशी नुसता सोबतीला आलेला. कुठल्या तरी कॉलेजने यजमान व्हायला हवं होतं, त्याशिवाय काहीच होणार नव्हतं. गिरगावपासून दादरपर्यंत उंबरे झिजवून झाले होते. हे शेवटचं. कोल्हापूर-नागपूरच्या मुलांनी तर रेल्वेची तिकिटंही काढलेली.

"दोन मिनिटं," म्हणून मी बाहेर आले. मागोमाग केतन.

"तू सही करणार?"

"अगं, हॉल तर मिळतोय ना. आणि तू पण हसलीस की. मला वाटलं, तुला चाललं."

त्याचा राग नाही आला. माझाच आला. शाळेत हसले, कॉलेजात हसले, ऑफिसात डब्याच्या टेबलावर हसले. हसून हसून मीच सगळ्यांना सवय लावली होती. फार थकले होते मी त्या हसण्याने.

आत गेले. उभ्यानेच अर्ज ओढला. अँटॉप हिल खोडलं. चाळीचा नंबर, खोलीचा नंबर लिहिला. खाली सही केली, आडनावासकट.

"आयोजक मी आहे, सर. जयंतीबद्दल बोललात ते मागे घ्या. मग हॉलचं बोलू."

"तुम्ही लोक फार मनाला लावून घेता. बघू, कळवतो."

"कळवू नका. हा हॉल आम्हाला नको."

जिना उतरले. अभिमान-बिभिमान काही वाटला नाही. तिकिटं काढलेल्या मुलांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात. वाईट वाटत होतं, आणि झोप येत होती.

फाटकाशी थांबून स्वयंसेवकांच्या ग्रुपवर लिहिलं: "हॉल मी नाकारला. त्यांना आयोजक म्हणून माझं नाव नको होतं. मी मागे राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आत्ताच ग्रुप सोडा."

दोघांनी सोडला. केतन बाजूला उभा राहून माझ्या मोबाइलवर वाचत होता. तो कुणाच्या बाजूने, मी विचारलं नाही.

परिषद उशिरा होईल. लहान होईल. माझं नाव खोडून होणार नाही.