सोलरच्या माळावरचं मटण

आमचं घराणं मुलाण्याचं. गावात कुणाच्याही घरी बोकड कापायचं असलं की सुरी घेऊन आम्हीच जायचं, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. मी बारामतीत सोलर पंपांचं दुकान टाकलं, तरी इंदापूरकडून बोलावणं आलं की अजून जातो.

मागच्या हिवाळ्यात निरवांगीकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी आपल्या माळावर सोलर प्लांट उभा केलाय आणि तेव्हापासून कुठल्याही लग्नात माइक हाती आला की ते पर्यावरणावर बोलतात.

"भाई, इंजिनियर लोक जेवायला हायत. एकाला हलालच लागतं. सुरी घिऊन या."

गेलो. पॅनेलच्या रांगांमागे पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यावर हरीण पडलं होतं. चिंकारा. कुंपणाच्या काटेरी तारेत अडकून मागचा पाय मोडला होता. जिवंत होतं, पोट धपापत होतं.

"तात्या, वनखात्याला फोन करा. पाय बरा व्हईल त्याचा."

"अन् त्यांनी तार बघितली म्हंजी? हरणांची वाट अडवली म्हणून आधीच वरड चाललीय. प्लांट बंद पाडता का माझा? खाल्लं की विषय मिटला."

म्हणजे वीज स्वच्छ दिसावी म्हणून हरीण पोटात घालायचं. मला शिसारी आली. बाहेर पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. तो हलालवाला बाकीच्यांना समजावत होता, की पोल्ट्रीची कोंबडी म्हणजे औषधं, टेम्पो, डिझेल. त्यापेक्षा इथलंच रानातलं हरीण किती निसर्गाला धरून. बाकीचे माना डोलवत होते. इतकं शिकून ही अक्कल. तिथंच थुंकावंसं वाटलं.

"मी हात लावणार न्हाय," मी तात्यांना सांगितलं. "उद्या बोभाटा झाला तर लोक आधी मुलाण्याचंच नाव घेतील."

"ऱ्हाऊ द्या. तुमच्यावाचून काय अडत न्हाय," ते म्हणाले.

फाट्यावर येऊन मीच वनखात्याला फोन लावला. त्यांची गाडी पोचेपर्यंत चूल पेटलेली असणार हे ठाऊक होतं, तरी लावला. गाडी आली तेव्हा तिथं हाडूकसुद्धा नव्हतं, असं नंतर कानावर आलं.

आठवडाभरानं तो हलालवाला इंजिनियर पंपाची चौकशी करायला माझ्या दुकानात आला. तात्यांनीच पाठवला होता. चहा मागवला.

"चाचा, त्या दिवशी भेट राहूनच गेली," तो हसत म्हणाला. "तात्या म्हणाले, तुम्ही कापून लगेच निघालात. मुलाण्याच्या हातचं म्हटल्यावर मी पोटभर जेवलो."

तात्यांनी माझं नाव बिनदिक्कत त्या हरणावर घातलं होतं. त्याला सांगितलं तसं अजून किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. माझं डोकं फिरलं.

"मी कापलं नाही," मी म्हणालो. "सुरी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. चिंकारा मारणं गुन्हा आहे, म्हणून परत फिरलो. मागून त्यांनी काय केलं, मला माहीत नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, उमजलं. त्यानं कप खाली ठेवला, दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "म्हणजे ते हलाल नव्हतं?"