सलाइनच्या बाटलीतली पऱ्हाटी

खोब्रागडे काका रक्ताच्या नळीला आधी प्रश्न विचारायचे आणि मग ती तपासायचे. नळी खिडकीच्या उजेडात धरायची, नखानं टिचकी मारायची आणि अदबीनं म्हणायचं, "बोला पाव्हणे, कोण्या गावचे?" राळेगावकडच्या आमच्या दवाखान्यात ते रक्त तपासायला होते, आणि तिथं सगळ्यांना याची सवय होती. मला नव्हती. माझ्याच रक्ताला माझ्यासमोर अहो-जाहो, आणि मला मात्र "बस वो पोरी".

मी कोल्हापूरकडची. आठवीत शाळा सुटली. नवरा तिकडच्या सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा मला घेऊन आपल्या गावी आला. कापसाची ती वाईट वर्षं. भाव नाही, पाऊस बेभरवशाचा, आणि दुकानात दर हंगामाला नव्या नावाचं बियाण्याचं पाकीट. मला तिसरा महिना होता. दवाखान्यात रक्त तपासलं तर त्यात 'बी' प्रकारची कावीळ निघाली. मला वाटलं, आता मी मरणार. तसं मला तेव्हा दर आठवड्याला वाटायचं.

"मरत नाही तू," काका म्हणाले. "हा पाव्हणा जुना हाय. तू जन्मली तवाच आला असन. यकृतात गुपचूप बसून हाय. आपल्याले येवढंच पाहाचं, तो तुह्या लेकराकडं मुक्कामाले नाही गेला पायजे. लहानपणी शिरला का बहुतेक निघत नाही, मंग पुढं यकृत पोखरते. म्हणून जन्मल्याच्या पहिल्याच दिवशी सुई. इसरू नको."

मी कशाला विसरते. मी दुसरं काही आठवतच नव्हते.

माझं रक्त त्यांनी शहरातल्या कॉलेजात पाठवलं. तिथं या विषाणूच्या जाती शोधायचं काम चाललं होतं. आपल्याकडं डी जातीचा जास्त, ए जातीचाही सापडतो, असं काका वाणांसारखं सांगायचे. दोन महिन्यांनी कागद आला तो घेऊन ते सायकलवर थेट आमच्या घरी आले, चेहरा सोयरीक जमल्यासारखा. माझा विषाणू धड डी नव्हता, धड ए नव्हता. बराचसा डी, मधला एक तुकडा ए.

"असं कसं झालं?" मी विचारलं.

"कधीतरी कोण्या माणसाच्या अंगात दोनही जाती संगंच शिरल्या. विषाणू सोताची नक्कल काढते. काढता काढता नजर बाजूच्या वहीवर गेली, अन् चार ओळी तिकडच्या उतरल्या."

हे मला लगेच समजलं. शाळेत मी तशीच पास व्हायचे.

पण दारात सासूबाई बसल्या होत्या, आणि काकांना सगळ्यांना समजावून सांगायची हौस. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या सुनेचा विषाणू हायब्रीड निघाला."

दुसऱ्या दिवसापासून बाया मला बघायला येऊ लागल्या. कापसाच्या गावात हायब्रीड म्हणजे मानाची गोष्ट. "साधीवाली कावीळ कोणालेबी होते," सासूबाई सांगायच्या, "आमच्याकडली हायब्रीड हाय. शयरातून कागद आला." एकीनं माझ्याकडं निरखून पाहत विचारलं, "फवारणी जास्त लागते का वो हिले?" मी चहा ठेवायला आत पळायचे.

सातव्या महिन्यात मी सुईचा विषय काढला. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"सुई कायले? हायब्रीडची सरकी दुसऱ्या साली उगवत नाही. पाकीटवाल्यानंच सांगतलं. मंग लेकरात कशी उगवन? एका दिवसाच्या जिवाले फुकट टोचून राह्यले."

नवऱ्यानंही मान डोलावली. मी रडत दवाखाना गाठला. काका स्टुलावर टेकले. "पोरी, माह्याच उदाहरणानं मले हाणलं," ते म्हणाले. मग घरी येऊन, विषाणू वेगळा, सरकी वेगळी, असं त्यांनी समजावून पाहिलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "मंग तवा खोटं बोलले का?"

काका उठले. जाताना म्हणाले, "मावशी, तुमच्याच हायब्रीडची मूठभर सरकी द्या."

लव निघावी म्हणून सरकी शेणात घोळतात. काकांनी ती दवाखान्याच्या मागं घोळली, आणि तेच हात घेऊन आत आले म्हणून सिस्टर त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. सलाइनची रिकामी बाटली कापून त्यात माती भरली, सरकी टोचली, आणि खिडकीत ठेवली. येणारा-जाणारा विचारायचा, हे कोणतं औषध. काका सांगायचे, "समजुतीचं."

दहाव्या दिवशी ते बाटली सायकलच्या दांडीला बांधून आले. आत दोन-दोन पानांची पऱ्हाटी, कापसाची चार रोपं, उभी होती.

"उगवली का, मावशी?"

सासूबाईंनी पान चिमटीत धरून पाहिलं. "उगवली. पण बोंड धड येनार नाही हिले."

"बोंड कसंबी येवो. लेकरात उगवली का झालं ना वाटोळं?"

सासूबाईंनी बाटली दांडीवरून सोडवून घेतली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी म्हनते ना हा? मंग दवाखान्यातच बाळंत हो. घरी नको."

मुलगी सकाळी झाली. काका बर्फाचा डबा मांडीवर घेऊन दाराबाहेर बसले होते, आजोबा बसतात तसे. विषाणूला लगेच अडवणारी, जिल्ह्याच्या गावाहून मागवलेली एक आणि लसीची एक, अशा दोन सुया तिला दुपारच्या आत मिळाल्या. पुढच्या लसींना सासूबाई स्वतः तिला घेऊन गेल्या. पऱ्हाटी त्यांनी अंगणात लावली होती. तिला वेडीवाकडी बोंडं आली. त्या कापसाचे बोळे करून त्यांनी काकांना नेऊन दिले, टोचायच्या आधी पुसायला. काका म्हणाले, "हे निर्जंतुक नाही, मावशी, वापरता येत नाही." आणि खिशात ठेवले.

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा तिचं रक्त तपासायचं होतं. काकांच्या नोकरीचा तो शेवटचा महिना. त्यानंतर ते मुलाकडं निघून गेले, आणि दोन वर्षांनी वारल्याचं कळलं. मी अजून वर्षातून दोनदा रक्त तपासून घेते. काकांच्या जागेवर आलेला मुलगा चांगला आहे, पण नळीशी काही बोलत नाही. मला चुकल्यासारखं होतं.

त्या दिवशी काकांनी मुलीची नळी खिडकीत धरली, टिचकी मारली. "बोला पाव्हणे, कोण्या गावचे?" पट्टीवर दोन रेघा म्हणजे आहे, एक म्हणजे नाही. काका, सासूबाई आणि मी, तिघं पट्टीवर वाकलो होतो. एक रेघ आली. दुसरीची वेळ संपून गेली तरी काका हलेनात. मग त्यांनी नळी परत उजेडात धरली, कान लावल्यासारखी मान तिरपी केली, आणि सासूबाईंना हळूच सांगितलं,

"मावशी, घरात कोणीच नाही."