लॅबताईची सही

मी भावजय आहे, त्यामुळे नणंदेची बाजू घेऊन बोलायची मला सवय नाही. वीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघींनी एकमेकींच्या चहापासून पडद्यांच्या रंगापर्यंत सगळ्याला नावं ठेवली आहेत. तरी त्या आठवड्यात त्यांच्याशी जे झालं ते आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. त्यातली निम्मी तिडीक माझ्या स्वतःवरची आहे, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघी एकाच तंत्रशिक्षण संस्थेत नोकरीला. मी तळमजल्यावर भांडार विभागात कारकून, ताई वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक. सगळी संस्था त्यांना लॅबताई म्हणते. शिक्षक येतात, बदलून जातात. लॅबमधले चोवीस कॉम्प्युटर मात्र चौदा वर्षं ताईंनीच सांभाळलेत. कुठल्या कीबोर्डची कुठली कळ रुसते, कुठला पंखा थंडीत घरघरतो, सगळं त्यांना तोंडपाठ. पण पद सहायकाचं, आणि आमच्याकडे सहायकाला कोणी काही विचारत नाही, फक्त सांगतात.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक नवा विषय लागला. त्यात एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा असतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ताईंनी मला जेवताना समजावलं होतं. "घरात भाडेकरू ठेवण्यासारखं आहे. त्याची चूल वेगळी, दार वेगळं, भिंती मात्र आपल्याच. पण त्यासाठी प्रोसेसरची परवानगी लागते." आमच्या कॉम्प्युटरांची परवानगी काही मिळेना. प्रोग्राम उघडला की पडद्यावर एकच ओळ यायची: या संगणकावर व्हर्च्युअलायझेशनची सोय उपलब्ध नाही.

झालं. सोमवारी साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, एक तज्ज्ञ बोलावला. हा तज्ज्ञ नवे कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीचा, हे कोणालाच खटकलं नाही. तो लॅबमध्ये आला, दारापाशीच्या पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसला, ती ओळ वाचली आणि म्हणाला, "म्हातारे झाले सगळे. भंगारात काढा." चार मिनिटं. बाकीच्या तेवीसांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ताई तिथेच उभ्या होत्या. "प्रोसेसरचा नंबर बघितलात का?" असं त्यांनी विचारलं, तर तो साहेबांकडे बघून हसला आणि साहेबही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

दुपारी कागद तयार झाला. चोवीसही संगणक निकामी, निर्लेखित करावेत, म्हणजे नोंदीतून काढून भंगारात घालावेत. खाली तीन सह्यांच्या जागा: भांडार कारकून, लॅब सहायक, प्रमुख. नवे कॉम्प्युटर कधी येणार? मंजुरी मिळाल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी. तोवर लॅबला कुलूप, मुलांनी परीक्षेला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खाजगी केंद्रात जायचं आणि ताईंनी वसतिगृहाच्या फाटकावर नोंदवही घेऊन बसायचं. कागद आधी माझ्या टेबलावर आला. मी खुर्चीतून उठलेसुद्धा नाही. तज्ज्ञ म्हणतोय ना, मग असेल, असं म्हणून सही ठोकली. सोमवारी मी तशा अकरा सह्या केल्या होत्या, त्यातली ही एक.

ताईंना सहीसाठी साहेबांचा निरोप गेला, पण त्या कागद बघायलाही गेल्या नाहीत. "शुक्रवारी चारपर्यंत बघते," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीची यादी काढली, कुठल्या नंबरात ही सोय आहे त्याची. आमच्या चोवीसपैकी वीस कॉम्प्युटरांमध्ये ही सोय जन्मापासून होती. फक्त आतल्या सेटिंगमध्ये, कॉम्प्युटर सुरू होता होता एक कळ दाबली की जो निळा पडदा येतो तिथे, ती बंद ठेवलेली होती. मंगळवारी ताईंनी ती एकेकात चालू केली, रीस्टार्ट केलं, प्रोग्राम उघडला. पुन्हा तीच ओळ. वीसही कॉम्प्युटरांवर तीच. त्या दिवशी ताई संध्याकाळी जेवल्या नाहीत आणि माझ्याशी भांडल्याही नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

बुधवारी त्यांना कपाटात कॉम्प्युटरांबरोबर आलेली जुनी पुस्तिका सापडली. त्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हा बदल नुसत्या रीस्टार्टने लागू होत नाही. वीज पूर्ण तोडावी, थोडं थांबावं, मग सुरू करावं. आणि आमच्या लॅबच्या दारावर काय पाटी? 'कॉम्प्युटर बंद करू नये. भिंतीवरचं बटण दाबू नये. फक्त रीस्टार्ट करावं.' सहा वर्षं ती पाटी सगळे पाळत होते. अक्षर ताईंचंच. मला वर बोलावून त्यांनी ती दाखवली.

"मीच लिहिली गं," म्हणाल्या. "आधीच्या साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिली."

"पण कशाला?"

"बंद केले की घड्याळं मागे जायची. हजेरीच्या तारखा चुकायच्या. मी म्हटलं होतं, आतल्या बॅटऱ्या संपल्यात, नव्या आणा. ते म्हणाले, त्यापेक्षा बंदच करू नका."

त्यांनी माझ्यासमोर एक कॉम्प्युटर सेटिंग करून भिंतीवरून बंद केला, पन्नास अंक मोजले आणि सुरू केला. घड्याळ अठरा वर्षं मागे गेलेलं, सेटिंग पुन्हा बंद. वीज तोडली तर बॅटरीअभावी विसरणार आणि न तोडली तर बदल लागूच होणार नाही. सहा वर्षांपूर्वी एका माणसाला नाण्याएवढी बॅटरी आणायचा कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याला नाव दिलं म्हातारपण. त्यावर माझीही सही. मी तिथल्या तिथे लाल झाले.

घड्याळवाल्याकडे तसल्या बॅटऱ्या बरणीत भरलेल्या असतात. चोवीसांची किंमत मिळून किती झाली ते लिहायचीही लाज वाटते. गुरुवारी लॅबला तास नव्हते. मी रजा टाकली आणि वर गेले. स्क्रू काढायचे, झाकण उघडायचं, ब्रशने धूळ झटकायची, जुनी बॅटरी नखाने उचलायची, नवी बसवायची. ताई मागून येऊन सेटिंग करायच्या, वीज तोडायच्या, मोजायच्या, सुरू करायच्या. "वहिनीबाई, अंगठी काढून ठेवा आधी," असा मला टोमणा मारून झाला. अकरा वाजता पहिल्या कॉम्प्युटरवर ती ओळ आली नाही. खिडकीत खिडकी उघडली आणि आतला कॉम्प्युटर संथपणे, पण सुरू झाला. ताईंनी चष्मा पुसला आणि पुढच्याकडे वळल्या.

संध्याकाळपर्यंत वीस चालू झाले. उरलेल्या चारांचे प्रोसेसर खरंच जुन्या जातीचे होते, त्यांना परवानगी देताच येत नव्हती. ताईंनी चारांवर खडूने फुली मारली.

शुक्रवारी चारला आम्ही दोघी साहेबांच्या खोलीत. ताईंनी सांगितलं, वीस चालू आहेत, चला दाखवते. साहेब उठले नाहीत.

"चार बंद आहेत ना?"

"हो."

"मग चोवीस लिहिलं तर काय बिघडलं? मंजुरी चोवीसांची मागितली आहे. आता आकडा बदलला तर सगळं पहिल्यापासून."

"मुलांची परीक्षा इथेच होईल, साहेब."

"लॅबताई, तुम्ही सहायक आहात. तज्ज्ञाने लिहून दिलंय. आणि तुमच्या घरच्याच बाईंनी सही केली आहे, त्यांनी तपासूनच केली असेल ना?" असं म्हणून त्यांनी कागद ताईंसमोर सरकवला.

ताईंनी माझी सही पाहिली. त्यांना ती ठाऊक नव्हती. सोमवारपासून रोज एका टेबलावर जेवत होतो, गुरुवारी दिवसभर त्यांच्या शेजारी स्क्रू काढत होते, आणि मी सांगितलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी खोटं लिहिणार नाही," म्हणाल्या. "फाटकावर बसवा."

तेच पेन मी उचललं. माझ्या सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: 'न पाहता सही केली होती. वीस संगणक चालू आहेत, मी स्वतः पाहिले. चार बंद.' खाली पुन्हा सही केली, तारीख घातली. खाडाखोड झालेला कागद वर पाठवता येत नाही, एवढं मी भांडारात शिकले आहे. साहेब म्हणाले, "याचा अर्थ कळतोय का तुम्हाला?" मी म्हटलं, "कळतोय. नवा कागद करा, चारांचा. त्यावर आम्ही दोघीही सही करू." माझा आवाज चढला होता, आणि मला तो उतरवायचा नव्हता.

नवा कागद झाला, चारांचा. परीक्षा लॅबमध्ये झाली, वीस कॉम्प्युटरांवर, दोन पाळ्यांत. संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून आलं की तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली लॅब अद्ययावत करण्यात आली. ताईंचं नाव नाही. मी तो अहवाल जेवणाच्या टेबलावर आपटला आणि तासभर साहेबांचा, तज्ज्ञाचा, सगळ्या संस्थेचा उद्धार केला. ताई भाजी निवडत होत्या.

"ते परके आहेत गं," शेवटी त्या म्हणाल्या. "ते मला विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. तू तरी सही करायच्या आधी जिना चढून वर यायचं होतंस."