काशिनाथअप्पांची हजेरी

लातुरात काशिनाथअप्पांच्या भांड्याच्या दुकानात एक प्रसंग नेहमी घडायचा. एखादी बाई नवी घागर पसंत करायची. अप्पा नाव कोरायचे मशीन हातात घ्यायचे आणि विचारायचे, "नाव सांगा, बाकी मी बघतो." की बाई गप्प. भांड्यावर नवऱ्याचे नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि नवऱ्याचे नाव तोंडाने न घेण्याचीही. मग ती शेजारणीला कोपराने ढोसायची, नाहीतर म्हणायची, "सोमवारचा देव हाय बघा." अप्पा हसायचे नाहीत. "शंकर? महादेव? का विश्वनाथ?" असे एकेक नाव घेत जायचे आणि बाईची मान हलली की मशीन सुरू करायचे.

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. किल्लारीकडच्या आमच्या गावातून मी शिकायला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नव्हते आणि हे मी पहिल्याच दिवशी अप्पांना घाबरत घाबरत सांगितले. त्यांनी माझे नाव विचारलेच नाही. "कॉलेज" हेच नाव ठेवले.

"ए कॉलेज, इशय कोणता घेतलास?"

"मराठी."

"मग बस हितं. ऐक."

त्यांनी गल्ल्याखालून कागदांचा गठ्ठा काढला, घसा खाकरला आणि एक संवाद वाचला. वाचून झाल्यावर शेजारच्या पितळी घागरीला टिचकी मारली. घागर टणकन वाजली. "डायलॉग असा पाहिजे. टिचकी मारली की कळलं पाहिजे, चिरलेला हाय का अखंड हाय." मग माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "अखंड आहे." तेव्हापासून मी त्यांचा परीक्षक झालो.

अप्पा सातवीपर्यंत शिकलेले. लिहायचे वेड कसे लागले, हे त्यांनाही सांगता येत नसे. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा भाड्याच्या घरांत, गोदामांत कचेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक कचेरीला पिण्याच्या पाण्याची पिंपे आणि तांबे लागले आणि त्यांवर खात्यांची नावे घालायला अप्पा गावभर हिंडले. "जिल्हा मी घडताना बघितला रे, तांब्यातांब्यानं," असे ते म्हणायचे. पाठोपाठ दुष्काळ आला. घागरी घेणारे कमी झाले आणि मोडीत विकायला आणणारेच वाढले. आलेल्या प्रत्येक जुन्या भांड्यावर कोणाचे तरी नाव असे. अप्पा ते मोठ्याने वाचायचे आणि मगच भांडे तराजूत टाकायचे. एकदा एक म्हातारी घागर देऊन गेली. अप्पांनी नाव वाचताच ती दारातून वळली आणि म्हणाली, "किती वर्सांनी ऐकलं."

मला वाटते, 'हजेरी' त्या दिवशी सुरू झाली.

'हजेरी' ही अप्पांची टीव्हीसाठी लिहिलेली मालिका. दुष्काळी कामावरच्या माणसांची गोष्ट. मुंबईच्या टीव्ही केंद्राकडे बाहेरच्या लोकांनाही मालिका देता येते, मात्र आधी पायलट, म्हणजे पहिला भाग नमुना म्हणून काढून दाखवावा लागतो, हे त्यांनी पेपरात वाचले. त्यांनी कथा पाठवली आणि खरोखरच उत्तर आले. कथा पसंत होती. पटकथेत बदल न करता पायलट सादर करावा, असे लिहिले होते आणि मुदत दिली होती.

काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "दुकानाला जेवायला बोलाव रे, कॉलेज. टीव्हीत मागून जाईना."

काकू अप्पांना "दुकान" म्हणत. दुकान आलं का, दुकान झोपलं का, दुकानाला खोकला झालाय. अप्पा त्यांना "अगं ए" म्हणत. मी त्या घरात इतकी वर्षे जेवलो, पण काकूंचे नाव मला ठाऊक नव्हते. विचारावे असेही कधी वाटले नाही.

मुदत जवळ येत गेली तसे अप्पांचे जेवण कमी झाले. मुंबईचा कॅमेरा परवडणारा नव्हता. शेवटी नांदेडहून सलीमभाई आले. लग्नाच्या व्हिडिओत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असे सांगत. कॅमेरा सुरू झाला की समोरचा माणूस ताठ उभा राहून हसायचा, कारण "इधर देखो, हसो" हे सलीमभाईंच्या तोंडून आपोआप जायचे. अप्पा डोक्याला हात लावायचे. "भाई, दुष्काळ हाय. हसू नका म्हणा."

शहराबाहेर खडी फोडायचे काम चालू होते, तिथल्या मुकादमाने एका दिवसाची परवानगी दिली. शेवटचा प्रसंग सगळ्यांत महत्त्वाचा होता. कामावरचा नवरा मेला आहे. त्याच्या जागी काम मिळावे म्हणून त्याची बायको हजेरीच्या टेबलापाशी येते. कारकून विचारतो, "नवऱ्याचं नाव?" जन्मात न उच्चारलेले नाव तिने सगळ्यांसमोर घ्यायचे. बस, तिथे भाग संपायचा. अप्पांचे म्हणणे होते की त्या एका शब्दासाठी बाकीची सगळी पाने लिहिली आहेत.

कारकून मी होतो. बायकोचे काम खडी फोडणाऱ्या पारूबाई करणार होत्या. बिनधास्त बाई. तालमीत त्यांनी ते नाव असे घेतले की माझ्या अंगावर काटा आला.

सकाळी माझा हजेरी पुकारण्याचा प्रसंग झाला. मी ओरडलो, "काशिनाथ शिवप्पा!" आणि मुकादम म्हणाले, "गेला तो, साहेब." हो, मेलेल्या माणसाला अप्पांनी स्वतःचे नाव दिले होते. मी भीत भीत विचारले होते, तर ते लाजून म्हणाले, "लेखकाची पाटी शेवटी येते रे. कोण वाचतंय? आपलं नाव एकदा टीव्हीत कुणाच्या तोंडून यावं, एवढंच."

दुपारी पारूबाईंचा प्रसंग लावला. मागे बायका उभ्या केल्या आणि त्यांच्या डोक्यांवर अप्पांच्या दुकानातल्या कोऱ्या घागरी दिल्या. सलीमभाईंनी कॅमेरा खांद्यावर घेतला, तोच वस्तीकडून कोणी तरी ओरडले, "टँकर आला!"

क्षणात टेबलासमोर कोणी उरले नाही. पारूबाई सगळ्यांच्या पुढे. दुकानातल्या घागरींसकट बायका पळत सुटल्या आणि ऊन पडून त्या घागरी लांबपर्यंत चमकत राहिल्या.

"अप्पा, माल गया तुमचा," सलीमभाई म्हणाले.

"माल येईल वापस. पारू कवा येणार?"

मुकादम म्हणाले, "आज न्हाई येत. संध्याकाळपत्तर नंबर लागत न्हाई तिथं."

सलीमभाईंना संध्याकाळची गाडी धरायची होती. दुसऱ्या दिवशी उमरीला त्यांचे लग्नाचे काम होते. टेपही थोडीच उरली होती. "अप्पा, धूप जा री है. जो करना सो जल्दी करो."

अप्पा उन्हात उभे होते. ओठ कोरडे पडलेले. मग त्यांची नजर बाभळीखाली गेली. काकू आमच्यासाठी भाकरी घेऊन आल्या होत्या आणि फडके सोडत होत्या.

"अगं ए. इकडं ये. एकच शब्द हाय."

काकू आधी हसल्या, मग नाही म्हणाल्या, मग अप्पांचा चेहरा बघून पदर खोचत टेबलापाशी आल्या. मुदत त्यांनाही माहीत होती. मी पेन हातात धरून बसलो. सलीमभाईंनी खूण केली.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारले.

"काय सांगायचं?" काकूंनी अप्पांकडे बघितले.

"काशिनाथ शिवप्पा."

काकूंचा हात पदरावर गेला. "ह्ये कोण?"

"गोष्टीतला. मेलाय तो."

"मेलेल्या माणसाला सवताचं नाव दिलंत?" काकू इतक्या हळू बोलल्या की मलाच ऐकू आले असावे. "अन् ते मी घेऊ? भरल्या कपाळानं?"

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, असे आमच्याकडे मानतात. मी कॉलेजात शिकणारा, मी ते मानत नव्हतो. पण त्या टेबलापाशी मलाही ते नाव नको वाटू लागले. मी म्हणालो, "अप्पा, नाव बदलू."

"सकाळी तूच वरडलास नं? ते टेपात बसलंय. परत घ्यायला टेप कुठंय?"

सलीमभाईंना लग्नांचा अनुभव. ते म्हणाले, "काकू, शादीत तर समद्या बाया नाव लेतेच की. उखाणा घ्या."

काकूंच्या जिवात जीव आला. "उखाण्यात घेते. उखाण्यात माणूस जित्ता असतो." आणि अप्पा काही बोलायच्या आत कॅमेऱ्याकडे बघून, ताठ उभ्या राहून, हसून त्यांनी म्हटले,

"पितळेच्या ताटाला कल्हईचा साज,
काशिनाथरावांचं नाव घेते हजेरीला आज."

मुकादम खो खो हसले. सलीमभाई तर "वाह" म्हणाले. अप्पांचा चेहरा मात्र काळा पडला.

"लग्नाची पंगत हाय का ही? ती बाई उपाशी हाय! तिचा माणूस गेलाय! नुसतं नाव घे. नुसतं."

"परत," सलीमभाई म्हणाले.

मी विचारले. पुन्हा विचारले. काकूंचे ओठ हलले, आवाज आला नाही. सावल्या टेबलावर चढू लागल्या होत्या. अप्पा टेबलाला बोटाने टिचक्या मारत होते, घागरीला मारावी तशा, पण लाकूड काही वाजत नव्हते.

"एवढा जन्म माझ्यासंगं काढलास," ते ओरडले, "माझ्यासाठी एक शब्द तोंडातून काढना झालीस?"

काकूंनी मान वर केली. "तुमी काढला का कवा? घ्या की माझं नाव. 'अगं ए' शिवाय काय म्हणलात? घ्या. तुमी घ्या, मग मी घेते."

सलीमभाई कॅमेऱ्याआडून बाहेर आले नाहीत. अप्पांनी तोंड उघडले. लातुरातल्या हजारो माणसांची नावे घेतलेला माणूस तो. "अगं..." एवढेच आले.

काकू टेबलाकडे वळल्या आणि माझ्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. रागाने नाही. डोळ्यांत पाणी होते, ते त्यांनी पुसले नाही. मी पुन्हा विचारले नाही. कॅमेऱ्यातून टक असा आवाज आला.

"टेप खतम," सलीमभाई म्हणाले.

पायलट तसाच गेला. शेवटी ते नाव नव्हते, नुसता काकूंचा चेहरा होता. काही महिन्यांनी टेप परत आली. सोबतच्या पत्रात लिहिले होते की चित्रफितीचा दर्जा प्रसारणाला योग्य नाही. लग्नाच्या कॅमेऱ्यावर काढलेले टीव्हीवर चालत नाही, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हते. मी पत्र काकूंना वाचून दाखवले, दोनदा. शब्दाबद्दल त्यात काहीच नाही, हेही सांगितले.

"मला बरं वाटावं म्हणून वाचायलास तू," त्या म्हणाल्या.

अप्पांनी त्यांना त्यावरून कधी बोल लावला नाही. एके दिवशी मी जेवायला बसलो तर माझ्यासमोर नवा तांब्या होता. त्यावर बारीक, देखण्या अक्षरांत कोरले होते: 'रत्ना'. आधी सौ. नाही, पुढे नवऱ्याचे नाव नाही. मी काकूंकडे पाहिले. त्या भाकरी थापत होत्या. "बोलता येईना दुकानाला," त्या म्हणाल्या, "म्हणून कोरलंय."

अप्पा या वर्षी गेले. खोकला छातीत उतरला आणि दवाखान्यातून ते परत आले नाहीत. दुकानात आता त्यांचा मुलगा महादेव बसतो.

बाराव्या दिवसानंतर काकू दुकानात आल्या, तेव्हा मीही तिथे बसलो होतो. मठात अप्पांच्या नावाची घागर द्यायची होती. महादेवने मशीन हातात घेतले. वडिलांचेच नाव, विचारायचे काय? त्याने घागर मांडीवर ओढली.

"थांब," काकू म्हणाल्या. "नाव इचार आधी."

"आई, मला ठाऊक नाही का?"

"तू नको. ए कॉलेज, तू इचार. टेबलाला तू होतास."

दुकानात दोन गिऱ्हाइके होती. "काकू, कशाला..."

"आयुष्य कमी होईल म्हणून घेतलं न्हाई. न घेऊन बी दुकान गेलंच की." त्यांनी पदर नीट केला. "इचार."

मी उठून उभा राहिलो. "नवऱ्याचं नाव?"

काकूंनी समोरच्या घागरीला टिचकी मारली. ती वाजली आणि तिचा नाद पुरता विरेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "काशिनाथ शिवप्पा."

उखाणा नव्हता. राव नव्हते. गिऱ्हाइकांतल्या एका बाईने मान खाली घातली. महादेवच्या हातातले मशीन बंदच राहिले.

"झालं का रे, कॉलेज?" काकूंनी मला विचारले. "का परत घ्यायचं?"