अमेरिकेची बारी

महाळुंग्याच्या गेनबाला घरात बोलताना कुणी ऐकलं असेल, तर ते त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, आणि तिचीही तक्रार अशी, की "ह्यांचा आवाज वरीसभर आढ्याला टांगलेला असतो, यात्रेला तेवढा खाली काढत्यात." ही तक्रार ती विहिरीवर, बाजारात, कुठंही करायची आणि करताना तिचा चेहरा नुसता फुललेला असायचा. यात्रेच्या दिवशी गेनबा बैलगाड्यांच्या घाटात उभा राहून पहिली आरोळी ठोकायचा, ती पार ओढ्यापलीकडे ऐकू जायची.

आमच्याकडे घाट म्हणजे शर्यतीची चढाची वाट. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्या धावेला बारी म्हणतात. गाड्याला चार बैल आणि त्यांना ओढ लावायला पुढे मोकळी पळणारी एक घोडी, तिच्यावर स्वार. गेनबा वरच्या टोकाला चुन्याच्या रेषेपाशी अनवाणी उभा असायचा. गाडा रेषेपलीकडे नीट गेला, की तो ओरडायचा "पुराऽऽ!" मधेच एखादा बैल जुवातून निसटला, की "बादऽऽ!" त्या एका शब्दावर माणसं भंडारा उधळून पिवळी व्हायची, नाहीतर बैलांच्या पाठी थोपटत मुकाट घरची वाट धरायची. त्याच्या शब्दावरून भांडण झालेलं मला तरी आठवत नाही, आणि आमचं गाव भांडणात मागे पडणारं नव्हे.

यात्रा जवळ आली, की गेनबा कुणाकडे चहा घ्यायचा नाही. त्याची सख्खी बहीण मंजुळाबाई तळवड्यात दिलेली. तिच्या नवऱ्याचा गाडा पळायचा, म्हणून त्या दिवसांत तिच्या घरी पाणीसुद्धा वर्ज्य. ती भरल्या यात्रेत कमरेवर हात ठेवून विचारायची, "मेल्या, आमच्या मालकांचा गाडा बाद केलास ते केलास, पन माजी पुरनपोळी कशापायी बाद केलीस?" गेनबा खाली बघून हसायचा. एकदा गाडा रेषेवर आला त्याच क्षणी त्याच्या डोळ्यात धूळ गेली. लोक ओरडत होते, "पुरा, पुरा!" हा म्हणाला, "म्या बघितला न्हाई." गाडा पुन्हा पळवावा लागला. मालकाचा तिळपापड झाला, पण पळवला.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी खालच्या आळीचा. पुढे जे सांगणार आहे त्यात मी अजिबात निःपक्षपाती नाही, आणि या वयात होण्याचा विचारही नाही.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला त्या सुमाराची गोष्ट. जो तो काहीतरी नवं करायच्या मागे होता. यात्रा कमिटीचे मुख्य दौलतराव. वरच्या आळीचे, मोठे बागायतदार, मनानं वाईट नाही पण आपलंच खरं करणारे. त्यांनी त्या वर्षी पुण्याहून भोंगा आणला. बॅटरीवर चालणारा, सोबत भोंगेवाला, त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. यात्रेच्या आदल्या दिवशी देवळापुढे सगळ्यांदेखत दौलतराव म्हणाले, "गेनबा, आता किती दिवस घसा ताणायचा? औंदा ह्यो भोंगा पुकारंल. तू बस निवांत, भजी खा."

लोक हसले. मीही हसलो असेन. गेनबा नुसता त्या भोंग्याकडे बघत राहिला, आणि मग उगाचच आपला गळा चोळत घरी गेला. भागूबाईनं विचारलं, तर म्हणाला, "बरं झालं, आराम पडंल." ती नंतर माझ्या आईला सांगत होती, की हे वाक्य बोलताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता, की तिला रडूच आलं. वर्षात एकच दिवस त्या माणसाचा होता, आणि तोच काढून घेतला होता.

त्याच संध्याकाळी गावाबाहेरच्या पडीक रानात सिनेमाचा तंबू लागला. तंबूचे मालक रंगराव, बार्शीकडचे, बोलायला गोड. दिवेलागण झाली तसा सगळा गाव तंबूत. मधे दोरी बांधून बायका एकीकडे, गडी एकीकडे. गड्यांतही वरची आळी उजवीकडे, खालची डावीकडे. तसं बसा असं कुणाला सांगावं लागत नाही. पुढे दोनचार लोखंडी खुर्च्या, त्यातल्या मधल्या खुर्चीवर दौलतराव.

देवाचं चित्र सुरू झालं आणि पहिल्याच गाण्यात मशीनचा आवाज गेला. देव तोंड हलवतोय, ऐकू काही नाही. शिट्या सुरू झाल्या. कुणी ओरडलं, "देवाचा घसा बसला!" रंगराव घामाघूम होऊन पडद्यापुढे आले. "मंडळी, मशीन दुरुस्त होतंय. तवर एक जुनी मुकी पट्टी दाखवतो. अमेरिकेतली मोटारींची शर्यत हाय, लई जुनी, मोटारी नव्या नव्या निघाल्या तवाची. एका समुद्रापासनं निघायचं अन् अख्खा देश वलांडून पार दुसऱ्या समुद्राला भिडायचं."

पडद्यावर उघड्या टपाच्या मोटारी दिसू लागल्या. टोप्या घातलेली माणसं, गर्दी, मधे पांढरी अक्षरं येऊन जायची, ती वाचणारं कुणी नव्हतं. लोकांना काही कळेना. शिट्या वाढल्या, मागून एक चप्पल आली. रंगराव हात जोडून उभे.

आणि तेवढ्यात तंबूच्या कडेला, खांबाला टेकून बसलेला गेनबा उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पडद्यावरच्या माणसानं निशाण खाली केलं, आणि ह्याच्या छातीतून आपोआप आरोळी निघाली, "सुटलाऽऽ! सुटला रं सुटलाऽऽ!"

तंबू एकदम गप्प झाला. मग असा काही दणाणला, की बाहेर झाडावरचे बगळे उडाले.

"काळा गाडा म्होरं! पांढरा मागं! काळ्यावर मिशीवाला, पांढऱ्यावर चष्मेवाला! आरं रस्ता हाय का नांगरट! पांढऱ्या, आवर, ओघळ आली!" मोटारी होत्या तशाच होत्या, पण आता त्यांना जीव आला होता. काळी मोटार पुढे होती म्हणून वरच्या आळीनं ती लगेच आपली करून टाकली. आम्ही पांढरीला आपली म्हटलं. चष्मेवाला तर आमच्या आळीतल्या एका गाडीवानासारखाच दिसत होता, वाकून बसायची तीच तऱ्हा.

बर्फ आला. माणसं घोंगड्या पांघरून फावड्यांनी बर्फ उपसत होती. बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आगं बया, लेकरं गारठली की!" बर्फ संपला तर चिखल, चाकं आसापर्यंत रुतलेली. रस्ता संपला तर मोटारी रेल्वेच्या रुळांवरून धडधडत निघाल्या. रुळांखालच्या एकेका फळीवर बसणारा हादरा गेनबा असा काही सांगत होता, की लोक बसल्या जागी कंबर धरत होते. आमच्या आळीतल्या एकानं खिशातला भंडारा काढून पडद्यावर उधळला. रंगराव कळवळले, पण आता त्यांचं कोण ऐकतो.

मग वरच्या आळीतून शंका आली. "समदं खरं, पन घोडी कुटाय? बिगरघोडीची बारी असती व्हय?"

आणि पडद्यावर, खरं सांगतो, त्याच वेळी घोड्यांची जोडी आली. चिखलात रुतलेल्या काळ्या मोटारीला दोर बांधून कुणी शेतकरी ती घोड्यांकरवी बाहेर ओढत होता.

"ही बघा घोडीऽऽ!" गेनबा गरजला. तंबू हसून हसून लोळला. पण आम्ही खालच्या आळीचे, संधी सोडतोय होय? आम्ही उभे राहिलो. "घोडी म्होरं पळती, वढत न्हाई! काळ्याची बारी बाद!" वरची आळीही उभी राहिली. बाह्या सरसावल्या गेल्या. गेनबानं हात वर केला. "खाली बसा! घोडीनं वढलं त्ये खोटं हाय. पन पांढरा बी रुतलाय, त्येला काय वढतंय त्ये बघू." सगळे बसले. थोड्या वेळानं आमच्या पांढरीलाही घोड्यांनीच ओढलं. वरच्या आळीनं जो जल्लोष केला तो मला अजून झोंबतो. "दोघांची चूक सारखी, बारी चालू!" असा निकाल गेनबानं दिला आणि अमेरिकेची शर्यत पुढे गेली.

शेवटी डोंगर उतरून दोन्ही मोटारी एका शहराच्या रस्त्याला लागल्या. दुतर्फा माणसं, रुमाल हलताहेत. काळी पुढे, पांढरी तिच्या अगदी शेपटाला. आमची बाजूनं निघू लागली. निघाली होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली, चाकाला चाक लागलं होतं. "पांढरा भिडला! काळा सोडीना! भिडलाऽऽ!" गेनबाच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. अख्खा तंबू उभा. आणि पडदा भक्कन पांढरा झाला. पट्टी तुटली.

रंगराव धावत आत गेले, आणि हात हलवत बाहेर आले. पट्टी तेवढीच होती. पुढचा तुकडा कधीच गहाळ झालेला. कोण जिंकलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"कोन आला? गेनबा, कोन आला?" दोन्ही बाजूंनी एकच ओरडा. रंगराव गेनबाच्या कानाला लागले. "आहो, कुणाचंबी नाव घ्या. न्हाईतर माजा तंबू फाडत्यात ही मान्सं." आणि मधल्या खुर्चीवरून दौलतराव उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. अमेरिकेतल्या त्या काळ्या मोटारीत त्यांचा जीव पुरता अडकला होता.

"गेनबा, काळाच म्होरं व्हता. सांग की पुरा म्हनून. उद्या घाटात तूच पुकार, भोंगा म्या माघारी धाडतो. समद्यांम्होरं सांगतोय."

एक शब्द. तोही अमेरिकेतल्या कुठल्या एका जुन्या शर्यतीबद्दलचा. तो मिशीवाला आणि तो चष्मेवाला केव्हाच म्हातारे होऊन मेले असतील. त्या शब्दानं कुणाचं काही जाणार नव्हतं, आणि ह्याचा यात्रेचा दिवस ह्याला परत मिळणार होता. आमच्या आळीनंसुद्धा तोंड मिटलं. सांगतो ते खरं, त्या घटकेला मलाही वाटलं, म्हण बाबा काळा, होऊ दे तुझं.

गेनबा पांढऱ्या पडद्याकडे बघत होता. भागूबाई दोरीपलीकडे उभी राहिली होती, पदर तोंडात धरून.

"दौलतराव," तो म्हणाला, आणि इतका वेळ तंबू हलवणारा आवाज आता जेमतेम पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचला. "म्या बघितला न्हाई."

"आरं, कुनी बघितलाय? तू नुसतं म्हन!"

"न बघता कसं म्हनू?"

एवढं बोलून तो कनात उचलून बाहेर गेला. भागूबाई त्याच्या मागोमाग. दौलतराव पाय आपटत निघाले. तंबू फाटला नाही. भांडायचं कशावरून तेच कुणाला समजेना. घरी जाताना आमच्या आळीतले लोक त्याला येडा म्हणत होते. त्याच्यासाठी पोट तुटत होतं, म्हणून म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी घाटात भोंगा लागला. भोंगेवाला शिकलेला, आवाज खणखणीत. गेनबा रेषेच्या सरळ समोर, पण लांब बाभळीखाली उकिडवा बसला होता. पहिल्या काही बाऱ्या झाल्या. भोंगा म्हणायचा "पुरा", तरी भंडारा उधळायला हात उठत नव्हते. आधी माणसं टाचा उंचावून बाभळीकडे बघायची. गेनबाला ते कळत नव्हतं. तो आपला सवयीनं रेषेकडे डोळे लावून बसलेला, मान हलवायचा, आणि मान हलली की मग कुठं गर्दी ओरडायची. भोंगेवाला गोंधळून भोंग्याची वायर तपासत होता.

मग दौलतरावांचा गाडा सुटला. असा गाडा मी पुन्हा बघितला नाही. धुळीचा लोट चढून आला आणि रेषेवर बैल, घोडी, जू सगळं एक झालं. एक बैल जुवाबाहेर होता; पण रेषेच्या आधी निसटला की नंतर, ते रेषेपाशी उभ्या असलेल्या कुणालाच धुळीत दिसलं नाही. भोंगा म्हणाला, "पुरा! दौलतरावांचा गाडा पुरा!"

कुणी हललं नाही. दौलतरावांच्या मुठीत भंडारा होता. मूठ त्यांनी उघडली नाही. ते रेषेपासून चालत बाभळीपर्यंत आले, सगळ्या यात्रेदेखत, आणि गेनबासमोर उभे राहिले. भोंगा अजून बोलतच होता.

"गेनबा," ते म्हणाले, "तू बघितलास का?"

"बघितला."

"मग खरं सांग. बाद असला तर बाद सांग."

गेनबा उठला. धोतराची धूळ झटकली, छाती भरून घेतली, आणि घाटभर घुमलेल्या त्या आवाजापुढे भोंग्याचं बोलणं कुठल्या कुठे गेलं. "पुराऽऽ! दौलतरावाचा गाडा पुराऽऽ!"

दौलतरावांनी मुठीतला भंडारा आधी गेनबाच्या डोक्यावर टाकला, मग बैलांवर. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. गाडा पुरा गेला होता, आणि आता तो खरोखर गेला असं त्यांनाही वाटलं होतं.